सातासमुद्रापलीकडची शाळा

खेळाच्या इतिहासात खेळाडूंची नावे कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. शर्यत जिंकणारा धावपटू, प्रतिस्पर्ध्याला चीत करणारा मल्ल लोकांच्या डोळ्यांपुढे असतो. परंतु शर्यतीचे अंतर कोणी मोजले, वेळ कोणी टिपली, परप्रांतीच्या स्पर्धकाला निमंत्रण कोणी धाडले, त्याच्या प्रवासखर्चाची तजवीज कोणी केली, आणि निकालाविषयी तंटा निघाला तेव्हा कोणाचा शब्द अखेरचा मानला गेला, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक एवढे सारे आधी घडल्यावाचून शर्यत उभीच राहत नाही. मैदानामागे उभे राहून मैदान सजविणाऱ्या माणसांची एक स्वतंत्र परंपरा आहे. आज क्रीडाव्यवस्थापन या नावाने ती विद्या विद्यापीठांतून शिकविली जाते आणि तिच्या पदव्याही मिळतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र या विषयाला नावही नव्हते.

तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात क्रीडासंस्थांचे जाळे विणले गेले. ते विणणाऱ्यांमध्ये जी माणसे अग्रभागी होती, त्यांच्या चरित्रांत एक धागा समान आढळतो. त्यांतील बहुतेकांचे ऐन तारुण्य घरापासून फार दूर, अशा विद्यालयांत गेले होते की जेथे निरनिराळ्या गावांची, प्रांतांची आणि देशांची मुले एका छपराखाली राहत होती. त्या शिक्षणाने या माणसांना काय दिले, आणि काय देणे त्याला साधले नाही, याचा विचार उद्बोधक ठरेल.

या कथेचा आरंभ इंग्लंडात, केंब्रिज येथे होतो. १८४८ साली तेथील विद्यार्थ्यांपुढे एक साधीच अडचण उभी राहिली. ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर, श्रूजबरी अशा वेगवेगळ्या शाळांतून ही मुले विद्यापीठात आलेली. प्रत्येकाला फुटबॉल येत होता. पण प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा होता. एका शाळेत चेंडू हातात घेऊन पळणे हे कौशल्य, तर दुसऱ्या शाळेत तोच अपराध. परिणामी खेळापेक्षा कलहच अधिक होई. अखेर काही विद्यार्थी एका खोलीत जमले, आपापल्या शाळांच्या नियमांचे कागद त्यांनी पुढ्यात घेतले, आणि दुपारी सुरू झालेली ती बैठक मध्यरात्रीच्या सुमारास संपली तेव्हा सर्वांना चालेल अशी एक नियमावली सिद्ध झाली होती. पुढे १८६३ मध्ये इंग्लंडात फुटबॉलची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तेव्हा केंब्रिजच्या या परंपरेचा तिला मोठा आधार मिळाला.

या छोट्या प्रसंगात क्रीडाव्यवस्थापनाचे सारे मर्म साठविलेले आहे. एका गावच्या मुलांना नियम लिहून ठेवावे लागत नाहीत. ते त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. अनोळखी माणसे एकत्र आली म्हणजे मात्र नियम बोलून दाखवावा लागतो, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागते, आणि आपले थोडे सोडून देऊन सर्वांचे असे काही उभे करावे लागते. ज्या शाळेत अनोळखी मुले एकत्र नांदतात, ती शाळा हा धडा कोणत्याही पुस्तकावाचून शिकविते.

असाच दुसरा धडा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड गावी गिरविला गेला. तेथे वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणसंघाचे प्रशिक्षण विद्यालय होते, आणि त्याच्या नावातच ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द होता. जगभर पसरलेल्या संघाच्या शाखा चालविण्यासाठी चिटणीस आणि व्यायामशिक्षक तयार करणे हे त्याचे कार्य. १८९१ च्या हिवाळ्यात चिटणीसपदाचे शिक्षण घेणारा एक वर्ग त्याच त्या कवायतीला कंटाळून गेला होता. त्या वर्गाला गुंतवून ठेवण्याचे काम जेम्स नेस्मिथ या कॅनडातून आलेल्या तरुण शिक्षकाकडे आले. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन बाजूंस पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले, आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. बास्केटबॉलचा हा पहिला सामना. त्यात अमेरिकन होते, कॅनेडियन होते आणि गेन्झाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थीही होता. हा खेळ त्यापूर्वी कोणीच खेळलेला नव्हता. त्यामुळे कोणा एका देशाची त्यावर मिरास नव्हती. भिंतीवरचा कागद सर्वांना सारखाच नवा होता. ज्या वर्गासाठी हा खेळ जन्माला आला तो वर्ग भावी व्यवस्थापकांचा होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

केंब्रिज आणि स्प्रिंगफील्ड या दोन्ही प्रवाहांचा संगम भारतात झाला, आणि त्याला निमित्त झाले सर दोराबजी टाटा. जमशेटजी टाटांचे हे ज्येष्ठ चिरंजीव १८५९ साली मुंबईत जन्मले. मुंबईच्या प्रोप्रायटरी हायस्कुलात आरंभीचे शिक्षण झाल्यावर १८७५ मध्ये त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. केंट परगण्यात खाजगी शिक्षकाच्या हाताखाली काही काळ काढून १८७७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना दोनच वर्षे मिळाली. १८७९ मध्ये ते परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाले. परंतु त्या दोन वर्षांत क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांत त्यांनी नाव मिळविले, आणि मैदानाची जी आवड जडली ती आयुष्याच्या अखेरपर्यंत टिकली.

आवड पुष्कळांना असते. दोराबजींचे वैशिष्ट्य असे की, परतल्यावर त्यांना केवळ खेळावेसे वाटले नाही, खेळवावेसे वाटले. मुंबईच्या अनेक शाळांना एकत्र आणणाऱ्या एका क्रीडासंघाची उभारणी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि त्याचे चिटणीसपण सांभाळले. आधी शाळाशाळांतील क्रिकेटचे सामने, आणि मग इंग्लंडातील विद्यापीठांच्या धर्तीवर धावण्या-उडी मारण्याच्या स्पर्धा, असा तो क्रम होता. त्या काळच्या मुंबईतील क्रीडाजीवन जातिजमातींच्या जिमखान्यांत वाटले गेलेले होते. युरोपियनांचा जिमखाना वेगळा, पारशांचा वेगळा, हिंदूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. अशा नगरीत शाळांना शाळा म्हणून एका मैदानावर आणणे, ही केंब्रिजच्या त्या खोलीतील बैठकीचीच एक छोटी आवृत्ती होती.

त्यानंतर चार दशके लोटली. पोलादाचा कारखाना, वीजनिर्मिती, विज्ञानसंस्था या पित्याच्या मनोरथांची पूर्ती करण्यात दोराबजींचे मध्यवय खर्ची पडले. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने क्रीडास्पर्धा भरविल्या, तेव्हा ते साठीला आलेले होते. जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे चालक देशी खेळांचे आणि देशी कल्पनांचे अभिमानी. युरोपीय पद्धतीच्या स्पर्धांचे तपशील त्यांच्या परिचयाचे नव्हते. पुण्याच्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची शर्यत झाली. धावणारे बहुतेक शेतकरी होते. ते अनवाणी होते. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांची त्यांच्या तळव्यांना सवय होती. बाकी ना शिक्षक, ना सराव, ना खुराक. दोराबजींनी त्यांची वेळ टिपलेली पाहिली आणि युरोपातील शर्यतींच्या वेळांशी ती मनात ताडून बघितली. ती हिणकस नव्हती. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या अनुभवाचे वर्णन करून ठेवले आहे.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून हजारो लोकांनी ती शर्यत पाहिली असेल. त्यांना दिसली ती आपल्या गावच्या गड्याची दमछाक आणि जिद्द. दोराबजींना त्याच शर्यतीत अँटवर्प दिसले. १९२० चे ऑलिंपिक बेल्जममधील त्या शहरी व्हावयाचे होते. दोन देशांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवण्याची ही दृष्टी त्यांना घरी लाभलेली नव्हती. ती परदेशी शाळेची देणगी होती. तिच्या जोडीला आणखी एक देणगी होती, ती दरवाजे उघडण्याच्या भाषेची. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलणे करून, भारताला ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र प्रवेश मिळावा यासाठी त्यांनी शब्द टाकला. देश परतंत्र होता. तरीही १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ भारताच्या नावाने उतरला.

निवडीच्या काळातील एक हकीकत सांगितली जाते. शंभर मीटरच्या शर्यतीला किती वेळ अपेक्षित असतो, असा प्रश्न एका बैठकीत निघाला, तेव्हा जिमखान्याच्या एका प्रतिष्ठित सभासदाने एक-दोन मिनिटे असावीत, असे उत्तर दिले. येथे मिनिटांचा संबंध नसून सेकंदाच्या दहाव्या हिश्शाला किंमत असते, हे कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले. या गोष्टीला हसणे सोपे आहे. पण आपल्याकडील शर्यत ही माणसाने माणसाला मागे टाकण्याची होती. पॅरिसमध्ये किंवा लंडनमध्ये धावणाऱ्या, कधीही न भेटणाऱ्या माणसाशी झुंज घ्यावयाची तर घड्याळ मध्ये आणावे लागते, ही कल्पनाच नवी होती.

अखेर चार धावपटू आणि दोन मल्ल निवडले गेले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगावकडचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे कुस्तीगीर. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला. लंडनमध्ये काही आठवडे सराव करून हा चमू अँटवर्पला पोहोचला. पावणेत्रेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. शिंदे फेदरवेट गटाच्या मुक्त कुस्तीत चौथे आले; पदक त्यांच्या हातून अगदी थोडक्यात निसटले. पहिल्या पावलाला हे यश उणे म्हणता येणार नाही.

परंतु दानशूर माणसाच्या पदराला खार लावून एक संघ पाठविणे वेगळे, आणि दर चार वर्षांनी संघ आपोआप निवडला जाईल अशी यंत्रणा उभारणे वेगळे. ते दुसरे काम दोराबजींच्या एकट्याच्या आटोक्यातले नव्हते. तेथे स्प्रिंगफील्डचा प्रवाह येऊन मिळाला. हॅरी क्रो बक हे पेनसिल्व्हेनियात १८८४ मध्ये जन्मलेले गृहस्थ स्प्रिंगफील्डच्या विद्यालयात शिकून १९१९ मध्ये भारतात आले, आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथे, शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. आशिया खंडातील अशा स्वरूपाची आद्य संस्था म्हणून तिची ख्याती आहे. विविध प्रांतांतून शिक्षक तेथे येत, शिकत, आणि आपापल्या मुलखात परत जात. खेळांच्या नियमांचे बक यांनी सिद्ध केलेले पुस्तक भारतातील क्रीडाशिक्षकांच्या हाती वर्षानुवर्षे राहिले. स्प्रिंगफील्डच्या भिंतीवरील त्या कागदाचेच हे वाढते रूप होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

वाय. एम. सी. ए. चे दुसरे कार्यकर्ते डॉ. ए. जी. नोरेन आणि बक या दोघांनी प्रांतोप्रांती फिरून ऑलिंपिक संघटनांचा पाया घातला. १९२४ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा होऊन त्यांतून पॅरिस ऑलिंपिकसाठी खेळाडू निवडण्यात आले आणि बक त्यांचे व्यवस्थापक म्हणून गेले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघ रीतसर स्थापन झाला. अध्यक्ष दोराबजी टाटा आणि चिटणीस डॉ. नोरेन. पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅममध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. १९३२ मध्ये दोराबजी परदेशातच निवर्तले. बक यांनी १९४३ मध्ये मद्रासमध्ये देह ठेवला. एक मुंबईकर परदेशात शिकून मायदेशी परतला, आणि एक अमेरिकन परदेशालाच घर मानून राहिला. दोघांचे कार्य मात्र एकच होते.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. व्यवस्थापनाची ही बुद्धी परदेशी शाळेवाचून येतच नाही, असे कोणास वाटेल. तसे नाही. त्याच काळात महाराष्ट्रात आणि बडोद्यात देशी खेळांच्या बाबतीत हेच कार्य चालू होते, आणि ते करणाऱ्यांतील बहुतेकांनी समुद्र ओलांडलेला नव्हता. हुतूतू महाराष्ट्रात खेळला जाई, मद्रासकडे तोच चेडुगुडू आणि बंगालात हाडुडू. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत व्हावा, की डाव संपेपर्यंत बाहेर बसावा, की बाद होऊनही खेळत राहावा, याविषयी ठिकठिकाणी भिन्न रीती होत्या, आणि संजीवनी, गामिनी, अमर अशी त्यांना नावेही होती. केंब्रिजच्या मुलांपुढे जो प्रश्न उभा राहिला तोच हा प्रश्न. पुण्याच्या जिमखान्यांनी खो-खो आणि हुतूतू यांचे नियम बांधावयास घेतले आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या स्पर्धांत दूरदूरचे संघ एकमेकांसमोर आले. गावोगावचे गडी एका मैदानावर उतरले, तेव्हा त्या स्पर्धाच एक शाळा बनल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. तात्पर्य, शाळा कोठे आहे याला महत्त्व नाही. तेथे अनोळखी माणसे समान पायरीवर भेटतात की नाही, याला आहे.

दोराबजींनंतर ही धुरा ज्यांनी वाहिली त्यांत गुरुदत्त सोंधी यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १८९० मध्ये जन्मलेले सोंधी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकले, धावपटू म्हणून गाजले, आणि पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. परतल्यावर ते आपल्याच महाविद्यालयात प्राध्यापक व कालांतराने प्राचार्य झाले. १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्यत्व त्यांच्याकडे आले. दोराबजींची नजर पुण्याहून अँटवर्पकडे गेली होती. सोंधींची नजर शेजाऱ्यांकडे वळली. आशियातील राष्ट्रे युरोपच्या मैदानावर एकमेकांना भेटतात, आपल्या अंगणात मात्र भेटत नाहीत, हे शल्य त्यांना होते. १९३४ मध्ये भारत, अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाइन यांच्या पश्चिम आशियाई स्पर्धा त्यांच्या खटपटीने झाल्या. महायुद्ध आले आणि तो उपक्रम खंडित झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी आशियाई प्रतिनिधींना एकत्र बोलावून तो धागा पुन्हा उचलला, आणि १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडासंघ स्थापन झाला.

पहिल्या आशियाई स्पर्धा मार्च १९५१ मध्ये दिल्लीत भरल्या. त्या प्रत्यक्ष घडवून आणण्याचा भार ज्यांनी उचलला ते अँथनी डिमेलो मूळचे गोमंतकीय घराण्यातले, कराचीत वाढलेले आणि केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात शिकलेले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे ते १९२८ पासूनचे पहिले चिटणीस. १९३७ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ब्रेबोर्न स्टेडियमच्या मागेही त्यांचीच धडपड होती. दिल्लीच्या स्पर्धांत अकरा राष्ट्रांचे ४८९ स्पर्धक उतरले. त्यांत जपान होता, हे विशेष. युद्धातील पराभूत राष्ट्र म्हणून १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानला स्थान नव्हते. दिल्लीच्या मैदानाने त्याला पुन्हा पंक्तीत घेतले. जो नियम पाळील त्याला खेळता आले पाहिजे, ही व्यवस्थापकाची निष्ठा असते, आणि येथे ती राष्ट्रांच्या वैरापेक्षा वरचढ ठरली.

त्याच निष्ठेची कठोर कसोटी १९६२ मध्ये जकार्तात लागली. चौथ्या आशियाई स्पर्धांचे यजमान इंडोनेशिया होते. त्या सरकारने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेशपत्रे दिली नाहीत. इंडोनेशियाच्या बाजूलाही भूमिका होती. नवस्वतंत्र राष्ट्र, अरब देशांशी व चीनशी त्याचे सख्य, आणि वसाहतवादाविरुद्धच्या लढ्याची ताजी आठवण. खेळ राजकारणापासून अलिप्त असतो हे म्हणणे त्यांना युरोपीय ढोंग वाटत होते. सोंधींची भूमिका साधी होती. संघाच्या सर्व सभासदांना निमंत्रण असले पाहिजे, असा नियम आहे. तो मोडला असेल, तर या स्पर्धांना आशियाई स्पर्धा हे नाव लावता येणार नाही. ज्या नावाला त्यांनी स्वतः जन्म दिला, तेच नाव काढून घ्यावे असे सांगण्याची वेळ बहात्तरीला टेकलेल्या या वृद्धावर आली.

३ सप्टेंबर रोजी संतप्त जमावाने जकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सोंधींना ते शहर सोडावे लागले. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. भारतीय खेळाडू मैदानात उतरले ते हजारो प्रेक्षकांच्या धिक्कारात. कोणाच्या प्रवेशपत्राशी त्यांचा संबंध नव्हता, कोणत्या बैठकीत त्यांना कोणी बोलाविलेले नव्हते. तरीही प्रदीप बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांच्या बळावर दक्षिण कोरियाला २–१ असे नमवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६३ मध्ये इंडोनेशियाला निलंबित केले, आणि इंडोनेशियाने त्याच वर्षी नवोदित राष्ट्रांच्या स्वतंत्र स्पर्धा भरवून त्याला उत्तर दिले. १९६६ मध्ये सोंधी निधन पावले.

जकार्तातील तो प्रसंग या परंपरेचे तेज दाखवितो, आणि तिची उणीवही उघडी करतो. नियमासाठी एकाकी उभे राहण्याचे धैर्य सोंधींच्या ठायी होते. पण त्या धैर्याची किंमत चुकविली मैदानातल्या अकरा जणांनी. निर्णय घेणारा एक, आणि त्याचा भार वाहणारा दुसरा, हे अंतर आरंभापासूनच होते. १९१९ च्या शर्यतीत धावणारा शेतकरी इंग्रजी जाणत नव्हता, म्हणून त्याच्या वतीने बोलणारा कोणीतरी लागला. ते अपरिहार्य होते. पण पुढे बोलणारे तेच राहिले आणि धावणारेही तेच राहिले. दूरच्या शाळेत शिकण्याचे भाग्य थोड्यांना लाभते. व्यवस्थापनाची खुर्ची त्या थोड्यांपुरतीच राहिली, तर अनोळखी माणसांना समान पायरीवर आणणारी ती विद्या स्वतःच्याच दाराशी अडून बसते.

१९५२ ची गोष्ट या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा भारतात ऑलिंपिक संघ स्थापन होऊन पंचवीस वर्षे झाली होती. दोराबजींनी पेरलेले झाड वाढले होते. असे असूनही खाशाबांच्या प्रवासाचे पैसे गावोगावच्या वर्गणीतून जमवावे लागले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यासाठी आपले राहते घर गहाण टाकले. खाशाबांनी बँटमवेट गटाच्या मुक्त कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या प्राचार्यांच्या हातात कोणत्याही क्रीडासंघाचे पद नव्हते. आपल्या विद्यार्थ्याचे बळ आणि हेलसिंकीचे अंतर या दोहोंचा मेळ त्यांना घालता आला, आणि तो घालण्यासाठी जे जवळ होते ते त्यांनी पुढे केले. तेहतीस वर्षांपूर्वी पुण्याच्या रस्त्यावर दोराबजींनी केले होते तेही याहून वेगळे नव्हते. एकाकडे कारखाने होते आणि दुसऱ्याकडे एक घर होते, एवढाच काय तो फरक.